उधाणाच्या तारखा

भाच्या-पुतण्यांच्या लग्नात मी आजवर पुष्कळ खोटं बोललो आहे. पगाराबद्दल, तब्येतीबद्दल, परत कायमचा कधी येणार त्याबद्दल. पण या एप्रिलमध्ये जे बोललो त्याचा राग अजून उतरत नाही. थोरल्या भावावर आहे, गावावर आहे, आणि त्यांच्यावर ढकलून उरतो तेवढा माझ्यावर आहे. उरतो तोच जास्त आहे.

सौदीत थुवालला मी एसी प्लान्टवर सुपरवायझर आहे. मुलगी कॉलेजसाठी मंगळूरला गेली तेव्हा बायकोला घर खायला उठू लागलं. ती संध्याकाळी किनाऱ्यावर तिवरांपाशी जाऊन बसायची. आधी नुसते बगळे मोजायची, मग दुर्बीण मागितली, मग पक्ष्यांचं पुस्तक. वर्षभरात उडत्या पक्ष्याच्या पंखाची कड बघून नाव सांगू लागली. मी हसायचो.

“हसा,” ती म्हणायची, “पण हळू हसा. तो उडेल.”

आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. माझी वार्षिक सुट्टी म्हणजे रत्नागिरीकडचं आमचं गाव. तिची सुट्टी म्हणजे त्या घराचं स्वयंपाकघर. मी अंगणात खुर्ची टाकून बसायचो आणि ती आत शंभर माणसांची सांदणं वाफवायची. तिने कधी काही मागितलं नाही, हे मी लोकांना कौतुकाने सांगत असे. आता लिहितानाही लाज वाटते.

या वर्षी तिने मागितलं. लिस्बन, तीन दिवस. मी हो म्हणालो.

मग तिने जे काही केलं ते प्लान्टच्या शटडाऊनलाही आम्ही करत नाही. लिस्बनजवळ नदी समुद्राला मिळते तिथे मोठी खाडी आहे, चिखलाची मैदानं आणि जुनी मिठागरं आहेत. तिने तिथल्या भरती-ओहोटीच्या वेळा काढल्या. खाडीकाठी वाढलेली बाई ती, लहानपणी ओहोटीला मुळे-तिसऱ्यांच्या शिंपल्या काढायला गेलेली. तिला कोणी शिकवायला नको होतं. उधाणाच्या भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्ष्यांना काठाशी यावंच लागतं. म्हणून चंद्राचे दिवस मोजून तिने तारखा धरल्या. पहिल्या दिवशी बोटीने नदीपार, मिठागरांवर शेकाटे आणि फ्लेमिंगो. दुसऱ्या दिवशी ट्रेनने वरच्या बाजूला भातशेतीत, तिथे विजेच्या खांबांवर करकोचे घरटी करतात. तिसरा दिवस भरती कुठे चुकली तर हाताशी राखलेला. जिद्दाला जाऊन आम्ही दोघांचे व्हिसे करून आणले. येताना गाडीत ती एकटीच बोलत होती आणि मला बरं वाटत होतं.

दोन आठवड्यांनी थोरल्या भावाचा, भाईचा, फोन आला. पुतण्याचं लग्न ठरलं होतं. तारीख नेमकी त्याच आठवड्यातली.

“आठ दिवस आधी या दोघं,” भाई म्हणाला. “सांदणं तुझ्या बायकोशिवाय कोणाला जमतात काय?”

“येतो भाई.”

एवढंच. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मी तिला विचारलं नाही, भाईला थांब म्हटलं नाही. ती समोर कांदा चिरत होती.

“कोणाला येतो म्हणालात?”

मी सांगितलं. वर म्हणालो, “लिस्बन कुठे पळून जातंय? पुढच्या महिन्यात जाऊ.”

“पुढच्या महिन्यात तुमची सुट्टी उरणार नाही. आणि मी तारखा बघून धरल्यात. तुम्ही जा लग्नाला. मी एकटी जाते.”

आता जे सांगतो ते भाईलाही ठाऊक नाही. तिचा इकामा, म्हणजे सौदीत राहण्याचा परवाना, माझ्या नावाखाली आहे. इथून बाहेर जाऊन परत येण्याचा तिचा परवाना मी माझ्या फोनवर काढल्याशिवाय निघत नाही. मी तो काढला नाही. चार दिवस. नाहीही म्हणालो नाही. ॲप चालत नाही म्हणालो, ड्यूटीवर आहे म्हणालो, बघतो म्हणालो. वाट बघत होतो की ती थकेल.

चौथ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, “खमीस मुशैतचा तुमचा कफील आठवतो?”

आठवत होता, माझा तिथला जुना मालक. माझे वडील गेले तेव्हा त्याने माझा पासपोर्ट नऊ दिवस दिला नव्हता. मी मातीला पोचलो नाही.

“त्याला तुम्ही दिलेल्या शिव्या मी गावात फोनवर ऐकल्यात. मला पाठ आहेत. पण तो निदान तोंडावर नाही म्हणायचा.”

मी ताट सारून उठलो. ओरडलोही, काय ते आठवत नाही. मग त्याच रागात फोन घेतला, परवाना काढला आणि फोन तिच्यासमोर टाकला. तिने शांतपणे तारीख तपासली, दोनदा. मुलीला फोन करून ती रडत सांगेल असं वाटलं होतं. मुलगीच उलट फोनवर मला म्हणाली, “अब्बा, इतना ड्रामा क्यों?”

ती लिस्बनला गेली, मी गावी.

लग्नघरात पाय ठेवताच भाईने मांडवातून हाक मारली, “काय रे, बायको कुठाय?”

बायकांची तोंडं दारात आली. चाची पुढे. मी म्हणालो, “आजारी आहे. डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय.”

कोणी संशय घेतला नाही. उलट, दुपारच्या नमाजानंतर चाचीने सगळ्यांना बसवलं आणि तिच्या शिफासाठी, तिला बरं वाटावं म्हणून, दुआ मागितली. चाळीसेक माणसं हात उचलून बसली. त्यात तिला गेल्या चोवीस वर्षांत एकदाही ‘बस जरा’ न म्हटलेली सगळी होती. माझेही हात वर होते. मी आमीन म्हणालो, मोठ्याने. अल्लाहसमोर.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. चाचीने आणि तिघी जावांनी तिला आळीपाळीने फोन करून तब्येत विचारली होती.

“मला काय झालंय?” तिने विचारलं. मागे वारा भणाणत होता.

मांडवात काय बोललो ते मी तिला सांगितलं.

“चोवीस वर्षांत मी एक गोष्ट माझ्यासाठी केली, आणि तुम्ही तिचा आजार केलात. आज सगळ्यांना खरं सांगा. विनंती म्हणून सांगत नाही. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि परवान्याचे चार दिवसही सांगेन.”

दुपारी पुरुषांची पंगत बसली होती. मी उभा राहिलो. “ती आजारी नाही. लिस्बनला गेली आहे. पक्षी बघायला. मी खोटं बोललो.”

कोणाचा तरी घास थांबला. मग भाई हसला. “पक्षी? आपल्या खाडीत कमी आहेत काय?”

मांडव हसला. त्या हसण्यात मला सवयीने सामील होता आलं असतं. विषय संपला असता.

“आहेत,” मी म्हणालो. “पण खाडीकडे बघायला तुम्ही तिला चुलीपासून उठू कधी दिलंत? आणि मी तरी कधी दिलं?”

भाईने पाण्याचा पेला खाली ठेवला. संध्याकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही, आणि त्या लग्नातली सांदणं तिच्याविना चिकट झाली, तीही सगळ्यांनी माझ्याच नावाने बोटं मोडत खाल्ली.