द्वारकाच्या नावाचा पासवर्ड

चहा घ्या आधी, मीच केलाय. माझ्याच फजितीची गोष्ट आहे; गार चहाबरोबर ती मला सांगता येत नाही.

शिंदखेड्याजवळ आमचं गाव. घर जुनं, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, भिंती हातभर जाड. उन्हाळ्यात आत छान गारवा. पण मोबाईलची रेंज? ती उंबऱ्यावरूनच परत फिरते! रेंज येते फक्त वर धाब्यावर, उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यापाशी. म्हणून मुलाचा मोबाईल तिथे टोपलीत ठेवायचा, हॉटस्पॉट चालू करायचा, की खाली सुनेचा फोन, नातीचा लॅपटॉप, सगळ्यांना नेट मिळतं. एका विहिरीवर सगळं घर पाणी भरायचं ना, तसंच.

पासवर्ड ठेवला माझ्या नातीनं, मयुरीनं. म्हणाली, "आबा, आजीचं नाव ठेवलंय. तुम्ही विसरणार नाही."

विसरेन कसा? पण चाळीस वर्षांच्या संसारात मी द्वारकाला नावानं कधी हाक मारली नव्हती. आमच्या वेळी कोण मारायचं हो? नुसतं खाकरायचं. माझ्या खाकरण्यावरून चहा हवा की पाणी, हे तिला बरोबर कळायचं. नाव घेतलं ते एकदाच, लग्नातल्या उखाण्यात, आणि तोही उखाणा चुकलो होतो! सहा वर्षांपूर्वी ती गेली. आता खाकरलो तर सून खोकल्याचं औषध आणते.

तर त्या दिवशी दुपारी मयुरीची नोकरीची मुलाखत होती. कंपनी नाशिकची, मुलाखत लॅपटॉपवर. आधीच्या दोन रेंजपायी हुकल्या होत्या. 'हीपण हुकली, तर स्थळं बघायला लागू,' असं मुलगा बोलून बसला होता. पोरीनं मला बजावलं, "आबा, वानरांपासून मोबाईल सांभाळा. आणि कुणालाही जोडू देऊ नका. आज नेट माझ्या एकटीचं."

मी छत्री घेऊन टोपलीजवळ बसलो. शेजारच्या धाब्यावर लीलाअक्का बिबड्या वाळत घालत होती. बिबड्या म्हणजे आमचे ज्वारीचे पापड.

"भाऊ, नेट शे का? सुरतना नातूले देखनं शे. पासवर्ड सांग ना!"

सुरतेच्या नातवाला व्हिडिओवर बघायचं होतं तिला. आता नाही कसं म्हणू? विरजण मागायला आलेलं माणूस रिकाम्या वाटीनं परत पाठवायचं नाही, ही द्वारकाची शिस्त. त्यात अक्का तिची जिवाची मैत्रीण. आणि वाटीभर विरजण दिल्यानं घरचं दही कधी संपलंय का?

मी हळूच म्हणालो, "द्वारका."

"काय?" अक्काला ऐकू कमी येतं.

"द्वारका!"

"जोरमा बोल ना, भाऊ!"

मी उठलो. छत्री खाली ठेवली. "द्वारकाऽऽ!"

काय सांगू! तो आवाज माझा मलाच नवा होता. छातीत काहीतरी मोकळं झालं. म्हणून आणखी दोन हाका मारल्या. अक्काला पहिलीच ऐकू गेली होती, खोटं कशाला बोलू?

पण झरोक्यातून त्या हाका थेट मुलाखतीत उतरल्या. मॅडमनी विचारलं, "कोण हाका मारतंय?"

मयुरी म्हणाली, "सॉरी मॅडम, माझे आजोबा आहेत. द्वारका माझी आजी. ती सहा वर्षांपूर्वी वारली..."

पुढे तिला सांगायचं होतं, की तेच नाव आमच्या नेटचा पासवर्ड आहे. पण ते वाक्य नाशिकला पोचलंच नाही! अक्काचं पासवर्ड मागणं आणि माझ्या हाका, दोन्ही साऱ्या गल्लीनं ऐकलं होतं. अक्काचा नातू, समोरच्या नानांचा कापसाचा भाव, कुणाचं क्रिकेट, सगळे एकदम विहिरीवर! नेट गुदमरलं. मॅडम तोंड उघडं ठेवून थिजल्या आणि नाहीशा झाल्या.

मयुरी वर आली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. हातात फोन घेऊन नुसती टोपलीजवळ बसली, डोळे भरलेले. "आबा, एकच सांगितलं होतं."

पलीकडून अक्का म्हणाली, "चाळीस वरीसमा एकदाबी नाव लिधं नही, आन नेमका आजच मुहूर्त सापडना तुले!"

तेवढ्यात मयुरीचा फोन वाजला. त्याच मॅडम! आवाज अगदी मऊ. "मयुरी, माझ्याही घरी म्हातारं माणूस आहे, मी समजू शकते. आज आजोबांजवळ बस. मुलाखत उद्या अकराला घेऊ."

खरं काय ते सांगायला पोरीनं तोंड उघडलं. मी दोन्ही हात जोडले आणि मानेनंच नको म्हटलं. वेडा ठरलो तर ठरलो!

दुसऱ्या दिवशी घरच्यांनी मला सकाळीच शेतावर पाठवलं. मुलाखत झाली, नोकरी लागली. दिवाळीला मयुरी घरी आली, तेव्हा मॅडमनी माझ्यासाठी मुद्दाम एक बाटली पाठवली होती. ब्राह्मीचं तेल. डोकं ठिकाणावर राहतं म्हणे.

रोज लावतो मी, धाब्यावर बसून. मयुरीनं पासवर्ड बदललाय, मला सांगितलेला नाही. तरी अक्का आसपास नाही असं बघून मी एकदा हळूच म्हणतो, "द्वारका, चहा टाक."

मग थोडा वेळ वाट बघतो, आणि खाली उतरून स्वतःच टाकतो. म्हणजे बघा, मॅडमनी तेल काही उगाच पाठवलेलं नाही.