ल्युसी मिसची सही

ल्युसी मिस गेल्याचं मला दुकानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. धाकट्या शेठनी त्यांचा फोटो टाकून वर लिहिलं होतं, ‘आमच्या दुकानाचा खरेपणा हरपला.’ खाली जोडलेले हात, तीनदा. मी फोन पालथा ठेवला. पाच आठवडे झाले, पण डोकं अजून शांत झालेलं नाही.

गिरगावातल्या वाडीत धाकट्या बहिणीबरोबर, रिटाबरोबर, राहणाऱ्या ल्युसी मिस फोर्टातल्या आमच्या काचसामानाच्या दुकानात चौतीस वर्षं काउंटरवर होत्या. परदेशी क्रिस्टल घ्यायचं तर मिसना दाखवून, असं गिऱ्हाइकांचं ठरलेलं. मी डिलिव्हरी पाहायचो. त्यांच्या घराजवळच फणसवाडीत राहत असल्यामुळे संध्याकाळी आम्ही बरोबरच चालत निघायचो. मी नवा असताना त्यांनी माझ्यापुढे दोन ग्लास ठेवले आणि विचारलं, “खरा कुठला?” मी टिचकी मारली आणि ज्याचा नाद जास्त वेळ टिकला, तो उचलला. “चूक. पातळ साधी काचही वाजते रे. आणि अरुंद तोंडाची सुरई खरी असूनही गप्प राहते.” मग त्यांनी माझं बोट धरून नख मी उचललेल्या ग्लासच्या अंगावरून फिरवलं. एका जागी बारीक रेघ लागली. साच्यात दाबलेल्या काचेला तसा सांधा राहतो, तिच्या नक्षीच्या कडाही बोथट असतात. हाताने कापलेल्या नक्षीची धार बोटाला कळते. वजन, नख, कडा, तळाची खूण... सगळं बघायचं आणि मगच तोंड उघडायचं, हा त्यांचा नियम.

थोरले शेठ वारले. धाकट्यांनी परदेशी नावांचा नवा माल आणायला सुरुवात केली. प्रत्येक खोक्यात एक कार्ड असायचं, ‘आमच्या तज्ज्ञांनी तपासलेले’, आणि खाली ल्युसी मिसची सही. ती सही जुन्या पत्रावरून उचलून छापली होती. मिसना पत्ता नव्हता, कारण हे खोके गोदामातून परस्पर जात. पोचवायचो मी. कार्ड मी पाहिलं होतं. मिसनी हा माल तपासला कधी, हा प्रश्न मला पडला नाही, की मी तो पडू दिला नाही, ते आजही सांगता येत नाही.

मग माटुंग्याच्या एक बाई लेकीच्या लग्नात आलेला बाऊल, खोका आणि कार्डासकट, घेऊन दुकानात आल्या. अजून एक हवा होता त्यांना, तसाच. मिसनी तो हातात घेतला, अंगावरून नख फिरवलं आणि कार्ड वाचलं. “बाई, हे क्रिस्टल नाही. आणि ही सही मी केलेली नाही.”

शेठ केबिनमधून बाहेर आले. “मिसना हल्ली ऐकू कमी येतं, त्यांचं मनावर घेऊ नका.” मिसच्या कानात मशीन होतं, हे खरं. पण त्यांनी टिचकी मारलीच नव्हती. शेठ माझ्याकडे वळले. “काय विलास, चुकतात ना मिस आता?”

मी खोक्याला चिकटपट्टी लावत राहिलो. मिसनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या. त्या परत कामावर आल्या नाहीत. नंतर विचारणाऱ्या प्रत्येकाला दुकानात एकच सांगितलं गेलं... बाईचे कान गेले.

पंधरा दिवसांनी मी डिलिव्हरीचे पत्ते उतरवून त्यांच्या घरी गेलो. मिस मला रागावल्या नाहीत आणि माफही केलं म्हणाल्या नाहीत. “नावं वाच,” एवढंच. एकवीस घरं होती. दादर, परळ, लालबाग... एकाहत्तराव्या वर्षी ही बाई एकेका दारात जाऊन सांगायची, “माझं नाव तुमच्या घरात खोटं बोलतंय, म्हणून आले.” कोणी पाणी दिलं, कोणी दार लावून घेतलं. दादरच्या एका निवृत्त साहेबांनी, नोकरी गेली म्हणून सूड उगवताय, असं सुनावलं. तरी बरेच लोक दुकानात जाऊन भांडले आणि मिसच्या सहीची कार्डं बंद झाली. माल मात्र आजही विकला जातो, दुसऱ्या कुणाच्या सहीने.

विसावं घर झालं आणि मिसना धाप लागायला लागली. चिंचपोकळीचं शेवटचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नाही. दोनदा जिन्यापाशी जाऊन त्या परतल्या. मग हॉस्पिटल, आणि तिथेच सगळं संपलं.

दुकानात शोकसभा झाली. काउंटरवर हार घातलेला फोटो, जुनी गिऱ्हाइकं. शेठ म्हणाले, विलास, दोन शब्द बोल. मी म्हणालो, “मिसनी त्या दिवशी टिचकी मारली नव्हती. सांधा नखाला लागला होता. मी तिथेच उभा होतो आणि बोललो नाही.” शेठनी चहा मागवला. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर गेलो नाही. पण ही तीन वाक्यं मिसना ऐकू आली असती तेव्हा बोलायची होती. शेठवर मी चिडतो ते खरंच, पण त्याहून जास्त त्या चिकटपट्टी लावणाऱ्या माणसावर.

शोकसभेनंतरच्या रविवारी मी चिंचपोकळीचा जिना चढलो. घरातल्या म्हाताऱ्या आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “त्या स्वतः का नाही आल्या?” मी सांगितलं.

तिथून मी गिरगावात रिटाकडे गेलो. प्रत्येक घराहून परतल्यावर मिस जेवणाच्या टेबलाशी बसायच्या, चपला काढायच्याही आधी, आणि तिथे कोण काय म्हणालं ते शब्दन् शब्द रिटाला ऐकवायच्या. मिसची खुर्ची अजून दाराकडे तोंड करूनच होती. रिटाने ती माझ्यासाठी बाहेर ओढली, स्वतः समोर बसली.

“सांग,” ती म्हणाली. “दार कोणी उघडलं, तिथपासून.”