धुराची वाट बघणारी म्हातारी

पिंपरीच्या आमच्या चाळीत चुली घालायला एक म्हातारी यायची. आधी खोलीत उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघत बसायची. "धुराला वाट न्हाई, तितं चूल न्हाई," म्हणायची.

माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी दार-खिडकी लोटून खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवली. माझं डोकं गरगरू लागलं. रडणारं बाळ एकाएकी गप्प झालं. शेजारच्या खोलीत चूल लिंपणाऱ्या म्हातारीने शेगडी आत जाताना पाहिली होती; तेवढ्यावरून तिला धूर कोंडल्याचं कळलं. ती धावत आत आली, पेटती शेगडी नुसत्या हातांनी उचलून बाहेर नेली आणि मग बाळाला आणि मला ओट्यावर आणलं.

बाळ रडलं. तेव्हा कुठे तिने आपल्या हातांवरचे फोड पाहिले. कुणाचंही न ऐकणाऱ्या सासूबाई तिच्या पाया पडल्या.