लाईट फक्त डावीकडे

मुलुंडहून मृणालचा फोन आला तेव्हा मी दात घासत होतो. "काका, सर गेले... हार्ट," एवढंच ती म्हणाली. सर म्हणजे डॉ. दिगंबर साटम, हिरड्यांचा डॉक्टर आणि माझा शाळासोबती दिगू. मृणाल आठ वर्षं त्याच्या हाताखाली डॉक्टर होती. मी फेस थुंकला आणि राहिलेले दात घासून टाकले, त्याने शिकवले होते तसे.

शोकसभेत एका वक्त्याने त्याला 'लेझर उपचारांचा भगीरथ' करून टाकलं. दिगू समोर असता तर उठून गेला असता. नाइलाजाने तो फोटोत होता. लेझरचं यंत्र त्याने घेतलं होतं, हे खरं. विकणाऱ्यांनी फीत, समई आणि 'वेदना नाही, रक्त नाही' असा फलक पाठवला होता. दिगूने फीत कापली आणि फलक उलटा करून माळ्यावर टाकला. "अरे, ही सौम्य लाईट. कापत नाही, जाळत नाही. सूज उतरायला थोडा हातभार लावते, बस. घाण खरवडायची ती आपणच." एक बाई खरवडणं नको, नुसती लाईट मारा म्हणून हटून बसल्या, तेव्हा तो म्हणाला, "मग घरी ट्यूबखाली बसा ना, फुकट आहे." त्या बाई परत आल्या नाहीत. गिरणी कामगाराच्या या मुलाला गोड बोलणं कधी जमलंच नाही.

चार वर्षांपूर्वी मधुमेहाने माझ्या हिरड्यांची वाट लावली. खालचे दात हलू लागले. अंधेरीतल्या एका काचेच्या दवाखान्यात, जिथे कॉफीही विचारतात, मला सगळे खालचे दात काढून नवे बसवायचा सल्ला मिळाला. घाबरून दिगूकडे गेलो. दात आणि हिरडीच्या फटीत बारीक पट्टी घालून तो खोली मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि मृणाल लिहून घ्यायची. "तीन... पाच... सहा. मेल्या, तीनच्या वर जाता कामा नये!"

"काढायचे का रे?"

"थांब ना. लढूया जरा."

मग त्याने एक विचित्र परवानगी मागितली. खरवडणार दोन्ही बाजू, पण लाईट फक्त डावीकडे.

"उजवीने काय पाप केलंय?"

"मला बघायचंय, फरक खरंच पडतो, की मशीन घेतलंय म्हणून मला तसं वाटतं."

स्वतः विकत घेतलेल्या वस्तूवर संशय घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मी हो म्हटलं. डावी बाजू पहिले काही दिवस कमी ठणकली. तीन महिन्यांनी मोजलं तर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच सुधारलेल्या. "एका तोंडावरून काही सिद्ध होत नाही," तो म्हणाला, "पण ब्रश झकास करतोयस." दात राहिले. दर तीन महिन्यांनी मला फोन करून बोलावणारा हा माणूस स्वतःची छाती तपासायला मात्र कधी गेला नाही. तेवढा एक राग अजून आहे.

गेल्या आठवड्यात माझी तारीख होती. मृणालने आकडे मोठ्याने म्हटले आणि स्वतःच लिहून घेतले. डावीकडच्या शेवटच्या दाढेशी ती थांबली.

"आठ. काका, ही काढावी लागेल."

ही दाढ लाईट मिळालेल्या बाजूची होती, हे मला माहीत होतं. तरीही, असल्या फिती-फलकांना जन्मभर हसणारा मी विचारून बसलो, "लाईट मारून बघतेस का गं?"

"काका, तुम्हीसुद्धा?" ती हसली. "मारते हवं तर. बरं वाटेल आपल्या दोघांना... दाढेला काही होणार नाही."

कोपऱ्यातल्या यंत्रावर कापड होतं. दिगूने शेवटचं घातलेलं असेल, चारही कोपरे नीट खाली ओढलेले. आम्ही दोघांनी एकदा तिकडे पाहिलं. मग तिने ते तसंच राहू दिलं आणि उरलेले दात खरवडायला घेतले.