इंचाला फूट

बेळगावपासून निपाणीपर्यंत अशी एकही पायरी नसेल, जी आमच्या हिच्या मामांनी मनातल्या मनात एकदा तरी फोडलेली नाही. लग्नाला गेल्यावर माणसं नवरी बघतात, जेवणाच्या पंगती बघतात. मामा कार्यालयाचा दरवाजा बघतात. तो तीन फुटांहून कमी भरला की त्यांचा चेहरा असा उतरतो की नवरीच्या बापाला वाटावं, मानपानात आपलंच काहीतरी चुकलं. सरकारी खात्यात इमारतींचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर लोक देवधर्माला लागतात, मामा उताराला लागले. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला चाकाच्या खुर्चीवरून आपलं आपण इमारतीत शिरता आलं पाहिजे, असा नियम आहे, आणि तो फक्त फायलीत राहतो, हे त्यांचं दुखणं. पायरी एक इंच उंच असेल तर उतार एक फूट लांब हवा. "इंचाला फूट," असं ते इतक्या वेळा म्हणतात की निपाणीत आता त्यांना त्याच नावानं ओळखतात.

एका खिशात टेप, दुसऱ्या खिशात काचेची गोटी. फरशी कुठं कलती आहे हे बघायला ते ती गोटी कुणाच्याही घरात सोडतात आणि मग ती पलंगाखाली गेली की घरच्यांना वाकायला लावतात. शिवाय काखेत घडीची व्हीलचेअर. स्वतःचे पाय ठणठणीत असताना हे गृहस्थ बसमधून ती घेऊन हिंडतात, आणि कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं की ही सामान न्हाई, मोजमापाचं साधन आहे, असं त्याला आधी कन्नडमध्ये, मग मराठीत समजावतात. एकदा एका नव्या मंगल कार्यालयात ते खुर्चीत बसून उतार चढायला गेले नि मध्येच अडकले. तसे शांतपणे उठले, खुर्चीची घडी केली आणि तरातरा मॅनेजरकडे चालत गेले. बाजूला बसलेल्या एका आजींनी दोन्ही हात जोडले.

मला हसू यायचं, पण कोडंही पडायचं, की या माणसाला हे खूळ लागलं कुठून? हिला विचारलं तर ती म्हणायची, त्यांनाच विचारा. आणि त्यांना विचारायचा धीर मला होत नव्हता.

पुढं आमच्या वडगावातल्या वाचनालयाचं नूतनीकरण निघालं. मी तिथला सचिव, म्हणजे सह्या माझ्या आणि निर्णय अध्यक्षांचे. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणतात. कापडाचे पंधरा-वीस माग असलेला मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याच सुमारास ग्रंथपाल म्हणून आम्ही सुमनची निवड केली. ग्रंथालयाचं शिक्षण घेतलेली, गुणांत सगळ्यांच्या पुढं, आणि लहानपणापासून व्हीलचेअरवर. पहिल्या तारखेला तिनं हजर व्हायचं होतं आणि वाचनालयाला होत्या तीन पायऱ्या. अण्णांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, काळजी नको, रोज सकाळी मागावरची दोन माणसं येतील नि अलगद उचलून आत ठेवतील. सुमन ऐकून घेऊन म्हणाली, "अण्णा, रोज उचलून आत ठेवलेल्या बाईनं 'पुस्तक वेळेत आणा' म्हटलं, तर कोण ऐकणार? तसं असंल तर मला नोकरी नको."

समितीत कुजबुज सुरू झाली. एकानं तर सुचवलंच की एवढ्या भानगडीपेक्षा दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला घ्या. मला लाज वाटली, पण मी गप्प बसलो. खोटं कशाला सांगू? अण्णांनी मात्र मनावर घेतलं आणि दोन दिवसांत उतार बांधून टाकला. आता आमच्याकडं उतार म्हटला की गवंड्याच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट येते, स्कूटर घरात चढवायचा उतार. त्यानं हाताच्या सवयीनं तसाच केला, चार फुटांत वर पोचणारा, चाक घसरू नये म्हणून आडव्या खाचा मारलेला. अण्णा खुशीत होते. सभासद आपल्या स्कूटरी चढवून बघत होते. मी निपाणीला फोन केला.

मामा दुसऱ्या दिवशी हजर. उतार बघून रागावले नाहीत. खुर्ची उघडली आणि म्हणाले, "अण्णा, बसा." अण्णा हसत बसले, चाकांना दोन हात मारले, मध्यावर त्यांचे दंड थरथरायला लागले, आणि खुर्ची मागं यायला लागली. "धरा, धरा," ते म्हणाले. मी आणि मामांनी त्यांना धरलं. माणूस खाली आला तो बराच वेळ उठलाच नाही.

मामांनी खडूनं रेघ मारली. अठरा इंचांना अठरा फूट. नऊ फूट जायचं, वळायला ऐसपैस चौक, मग परत नऊ फूट, बाजूला धरायला नळी. रेघ नेमकी वाचनालयापुढच्या कट्ट्यावरून गेली. या कट्ट्यावर रोज संध्याकाळी पेपर वाचून झाल्यावर आमची माणसं बसतात आणि सीमाप्रश्नापासून सुनेच्या स्वयंपाकापर्यंत सगळे निकाल लावतात. तो पाडायचा म्हणजे अण्णांची खुर्चीच काढून घेण्यासारखं. ते विचार करून सांगतो म्हणाले.

चहाच्या टपरीवर मी शेवटी विचारलं, मामा, हे सगळं कशासाठी? त्यांनी बशी खाली ठेवली.

"निपाणीतल्या घराचा नकाशा माझाच. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून सहा पायऱ्या घेतल्या, झोपायच्या खोलीचं दार सव्वादोन फुटांचं. तुमच्या मामीचे पाय गेले तवा ही खुर्ची आणली. ती त्या दारातनं भाईर येईना. शेवटची दोन वर्षं मामी खिडकीत बसून हुती. जन्मभर लोकांची घरं काढली, जावईबापू, आणि हिला मीच कोंडली."

"मग दार फोडलं न्हाई?"

"आज फोडू, उद्या फोडू म्हणत ऱ्हायलो."

मी परत आलो आणि अण्णांना जसंच्या तसं सांगितलं. सकाळी कट्ट्यावर पहिला घाव त्यांनीच घातला.

नवा उतार पुरा झाला आणि पहिल्या तारखेला सुमन आली. उताराच्या मधल्या चौकात दम घ्यायला थांबली तेव्हा अण्णा सवयीनं ढकलायला धावले. मामांनी त्यांच्यापुढं हात आडवा धरला. ती वर गेली, तिनं कुलूप काढलं, आत गेली. टाळ्या झाल्या, पेढे झाले, लोक पांगले. मामा मात्र समोरच्या दुकानाच्या फळीवर बसून. मी म्हटलं, झालं की आता, जेवायला चला. नाही म्हणून मान हलवली त्यांनी. "आत गेलेली समद्यांनी बघितली. मला ती भाईर पडलेली बघायची हाय."

दुपारी एकच्या सुमारास दार उघडलं. सुमन बाहेर आली, उन्हाला डोळे किलकिले केले, नळीवर एक हात ठेवून सावकाश खाली उतरली आणि कोपऱ्यावर शेंगा घ्यायला निघून गेली. आमच्याकडं तिचं लक्षही नव्हतं. मामांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि ती वळून दिसेनाशी होईपर्यंत रस्त्याकडं बघत राहिले.