दोन वीत आणि दोन बोटं

आमच्याकडे आले की ते आधी खुर्चीपुढे उकिडवे बसायचे, अंगठा जमिनीला टेकवून वीत पसरायचे आणि बैठकीपर्यंतची उंची मोजायचे. मग स्वतःशीच पुटपुटायचे, "दोन वीत, दोन बोटं." चहा त्यानंतर. तुमच्या शेजारी असं कुणी राहत असेल तर तुम्हीही आधी हसाल आणि मग काळजीत पडाल. मी दोन्ही केलं.

भोपाळच्या शिवाजी नगरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये ते आमच्या समोर राहायचे. मूळचे नागपूरकडचे, कचेरीत नकाशे काढण्यात जन्म गेलेला. मी त्यांना भाऊजी म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला ताई. कुठल्याही अडचणीवर भाऊजींचं उत्तर एकच, "हो जाईल." भोपाळात राहून आमची मराठी अशीच होते. व्याकरणाचं सोडा, पण हा माणूस तसं म्हणाला की खरंच होईलसं वाटायचं.

निवृत्तीला वर्षभर उरलं असताना ते करोंदच्या एका धान्याच्या गोदामातून लाल रंगाची जुनी जपानी स्पोर्ट्‌स कार घेऊन आले. दोन दारांची, मागे पंख असलेली, दबा धरलेल्या मांजरीसारखी जमिनीला चिकटलेली. कुणा व्यापाऱ्याच्या मुलाची हौस होती. मुलगा परदेशी गेला आणि गाडी पोत्यांमागे पडून राहिली. स्कूटरच्या भावात मिळाली म्हणे. पुढे कित्येक दिवस तिच्या सीटखालून गहू निघत होते. ते ताई पाखरांना घालायच्या.

लग्न झालं तेव्हा भाऊजींनी ताईंना सांगितलं होतं, की एक दिवस अशाच गाडीत शेजारी बसवून तुला फिरवीन. बिचारे शब्दाला जागले. फक्त मधल्या काळात ताईंचे गुडघे गेले, हे त्या आनंदात त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. ताई म्हणजे एके काळी जवाहर चौकातल्या प्रत्येक भाजीवाल्याशी भांडून हसत घरी येणारी बाई. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या दाराच्या पायरीपुढे जात नव्हत्या.

नारळ फुटला आणि ताई गाडीत बसल्या. बसल्या कसल्या, धपकन खाली गेल्या. उठायची वेळ आली तेव्हा त्यांना चौघांनी मिळून ओढून काढलं. पोरं मोबाइलवर रील काढत होती, त्यांना मी हाकललं. घरात जाता जाता ताई म्हणाल्या, "गाडी तुमची तुम्हाला लखलाभ. मी पुन्हा हिच्यात पाय ठेवणार नाही." त्या दिवशी भाऊजी "हो जाईल" म्हणाले नाहीत.

मी त्यांना सरळ सांगितलं, "विकून टाका हे धूड. एखादी उंच, शहाण्यासारखी गाडी घ्या."

"वहिनी, शहाणी गाडी आणली तर ती दवाखान्यात न्यायलाच वापरली जाईल," ते म्हणाले. "मला हिला फिरायला न्यायचंय."



तेव्हापासून खुर्च्या मोजणं सुरू झालं. हात न टेकता ताईंना कुठल्या उंचीवरून उठता येतं, ते त्यांना शोधायचं होतं. आमची वेताची खुर्ची ताईंकडे नेऊन पाहिली, ती पास झाली. तशी ती ऑटोत घालून भाऊजी जवाहर चौकामागच्या मिस्त्रीकडे निघाले. खुर्ची माझी, मी तिला एकटी सोडणार नव्हते, म्हणून मीही गेले. मिस्त्री अस्सल भोपाळी, समोरच्या कुणालाही 'खां' म्हणणारा. त्यानं कपाळावर हात मारला.

"अरे खां, सारी दुनिया गाड़ी नीचे कराती है, आप ऊपर करा रहे हो? वो भी कुर्सी के नाप से?"

"हो जाएगा?"

"हो तो जाएगा. लोग हँसेंगे."

"हँसने दो," भाऊजी म्हणाले.

पैसे बेताचे, त्यामुळे सगळं जुन्या बाजारातलं. जीपच्या स्प्रिंगा आल्या, मोठे टायर आले. ताईंच्या अंबाड्याला जागा हवी म्हणून छताचं आतलं अस्तर निघालं. खरी कमाल ताईंच्या सीटची. कचेरीनं भंगारात काढलेल्या फिरत्या खुर्चीचा पाया तिच्याखाली बसवला. दाराकडे तोंड करून बसायचं आणि मग आत फिरायचं, अशी योजना. चाचणीला मला बसवलं. पहिल्याच वळणावर मी गर्रकन फिरले आणि नाक काचेवर आपटलं.

"भाऊजी, माझ्या जिवावर का उठलात?"

"हो जाईल, वहिनी!" दुसऱ्या दिवशी त्या सीटला न्हाणीघराच्या दाराची कडी लागली.

एकदा गाड्यांचा शौकीन एक तरुण मुद्दाम बघायला आला आणि रडायचाच बाकी राहिला. "अंकल, आपने तो सत्यानाश कर दिया." भाऊजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बेटा, तुम्हारी वाली दौड़ती होगी. हमारी वाली में बैठना है."

ताई मात्र बसत नव्हत्या. सगळं खिडकीतून बघायच्या, तेवढंच. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून नागपूरला जायचा दिवस ठरला, तेव्हा त्यांनी हट्टानं स्वतःपुरतं रेल्वेचं तिकीट काढायला लावलं. मला भाऊजींकडे बघवेना.

त्या सकाळी सामानाचा ट्रक पुढे गेला. ताईंना स्टेशनवर न्यायला ऑटो येऊन थांबली. भाऊजी गाडीची काच पुसत होते, पुसलेलीच पुन्हा पुसत होते. ताई पायरी उतरल्या, ऑटोकडे निघाल्या आणि मध्येच वळल्या. जिन्याचा कठडा धरावा तसा गाडीचा मागचा पंख धरून त्या दारापाशी आल्या. आम्ही चौघं हात पुढे करून धावलो.

"सरका," ताई म्हणाल्या.

त्या बसल्या, पाय आत घेतले, फिरल्या आणि कडी लावली. लगेच कडी काढली, परत फिरल्या आणि हात न टेकता उठून उभ्या राहिल्या. खात्री पटली, तशा पुन्हा बसल्या. मला रडू आलं. भाऊजी हात पुढे करून तसेच उभे होते.

"आता तुम्ही बसता, की तुम्हालाही चौघं बोलावू?" ताईंनी आतून विचारलं.

तेव्हा आमच्या लक्षात आलं. भाऊजींची स्वतःची सीट होती तश्शीच राहिली होती. तिथपर्यंत पैसे पोचलेच नव्हते. दार धरून, कण्हत, ते खाली खाली गेले.

समोरच्या क्वार्टरमध्ये आता दुसरी मंडळी आहेत, चांगली आहेत. आमच्या खुर्च्या कुणी मोजत नाही. भाऊजी मला आठवतात ते त्या सकाळी मागून दिसले तसे. लाल गाडी वळणाकडे चाललेली, मागच्या काचेतून ताईंचा ताठ अंबाडा, आणि त्याच्या शेजारी, चांगली एक वीत खाली, भाऊजींची टोपी.