बरगी रोडवरचे सलाम

"जीप सोडून काहीही माग." मी कॉलेजात होते, तेव्हा बाबा मला म्हणाले होते. मी स्कूटी मागून घेतली आणि विषय तिथेच संपला... असं मला वाटत होतं. मागच्या आठवड्यात बरगी रोडवर, कार कच्च्यात उतरवून डोळे चोळत बसले असताना, ते वाक्य पुन्हा आठवलं.

बाबांची जीप खूप जुनी आहे. लिलावात घेतलेली, गोल दिव्यांची, मदन महल भागातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीची. बाबा गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झाले, पण ही एक गाडी त्यांनी रिटायर होऊ दिली नाही.

माझा धाकटा भाऊ मिलिंद अमेरिकेत असतो. दिवाळीला आला तेव्हा स्वेटरमध्ये गुंडाळून जीपसाठी हेडलाइटची नवी जोडी घेऊन आला. गोल दिवा, साइज सगळीकडे तोच... खटकन बसला. बाबा इतके खूश झाले की त्या संध्याकाळी उगाचच ग्वारीघाटापर्यंत चक्कर मारून आले.

आणि मग ते सलाम सुरू झाले.

दर रविवारी बाबा बरगीला मित्राच्या शेतावर जातात आणि दिवेलागणीला मटार घेऊन परततात. आताशा समोरून येणारा प्रत्येकजण त्यांना डिपर द्यायला लागला होता. ट्रकवाले, बसवाले, सगळेच. "जीपला सलाम करून राहिले लोक," बाबा सांगायचे, आणि तेही हॉर्न वाजवून सलाम परत करायचे. आम्हालाही ते खरंच वाटलं होतं. जुन्या गाडीचं कौतुक असतंच ना लोकांना...

मागच्या आठवड्यात रविवारी मी एका मैत्रिणीकडे हळदीला निघाले होते, बरगीच्याच दिशेने. समोरून एक गाडी आली आणि तिचा उजेड थेट माझ्या डोळ्यांत. पुढचं काही दिसेना. मी चिडून डिपर दिला, परत दिला, शेवटी घाबरून कार कडेला उतरवली. ती गाडी आनंदाने दोनदा हॉर्न वाजवून निघून गेली. आरशात पाहिलं तर मागे टांगलेलं स्टेपनीचं चाक... बाबांची जीप!

हळदीहून मी सरळ माहेरी गेले. आई मटार सोलत होती आणि बाबा रंगात आले होते.

"आज तर एक कारवालीसुद्धा सलाम करून गेली!"

"बाबा... ती कारवाली मी होते."

"अच्छा! मग थांबली काहून नाही?"

"थांबलेच होते. कच्च्यात. मला काही दिसूनच नव्हतं राहिलं."

आईने शेंग खाली ठेवली. "म्हणजे सलाम नव्हे हो... लोक शिव्या देऊन राहिले होते तुम्हाला!"

मी हसले, पण बाबा हसले नाहीत. म्हणाले, "मिलिंदने आणले आहेत. तो काय वाईट आणेल का?"

दुसऱ्या दिवशी अंधार पडताच त्यांनी जीप कंपाउंडच्या भिंतीसमोर लावली, शेजारी माझी कार. दोन्हींचे दिवे लो बीमवर. माझा उजेड भिंतीवर डावीकडे वर चढत होता, जीपचा उजवीकडे. बाबांनी काचेवरच्या रेघांवरून नख फिरवलं आणि कपाळाला हात लावला.

तिकडे अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, समोरचा डावीकडून येतो. म्हणून तिथला दिवा डावीकडे नजर खाली ठेवतो आणि उजवीकडे जरा वर बघतो. आपल्याकडे मात्र समोरचा उजवीकडूनच येतो... बिचारा.

तरी बाबांना ते काढवेनात. आधी त्यांनी डावा दिवा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून पाहिला. दोघेही उजवीकडेच बघणारे, काय फरक पडणार! मग दिवे वरची बाजू खाली करून उलटे बसवले. उजेड डावीकडे गेला खरा, पण थेट वर. शेजारच्या घराची वरची खिडकी उघडली. "अंकल जी, हमारे बेडरूम में क्या ढूँढ रहे हैं?"

"चलो," म्हणत बाबांनी स्वतःच स्क्रू ड्रायव्हर घेऊन दोन्ही दिवे काढले.

मिलिंदला आम्ही काही सांगायचं नाही, असं मी आणि आईने ठरवलं होतं. पण व्हिडिओ कॉलवर बाबांनीच सांगून टाकलं. "बेटा, दिवे तुझे फर्स्ट क्लास आहेत. फक्त ते तुझ्या रस्त्याचे आहेत." मिलिंद म्हणाला, "सांभाळून ठेवा बाबा." ते दिवे आता त्याच स्वेटरमध्ये, बाबांच्या कपाटात आहेत.

कमानिया गेटजवळच्या दुकानातून बाबा आपल्याकडचे दिवे घेऊन आले. काल रविवारी त्या दिव्यांनिशी बरगीहून परतले. आईने विचारलं, "आज किती सलाम?"

"एक नाही," बाबा म्हणाले. मटारची पिशवी ठेवली, मफलर सोडला. "पण रस्ता छान दिसला." चेहऱ्यावर समाधान होतं आणि त्याच्या मागे कुठेतरी थोडंसं रितेपण... मला तरी दिसलं.

रात्रभर एकच गोष्ट मनात येत राहिली. इतकी वर्षं बाबा जीपच्या आत बसले आहेत. ती रस्त्यावरून समोरून येताना कशी दिसते, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नाही.

बाबा, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे, आणि उत्तरही माहीत आहे. तरी विचारते. या रविवारी बरगीहून माझी कार तुम्ही आणा, थोडं पुढे निघा आणि मग वळून परत या. समोरून मी येत असेन, दिवे खाली ठेवून. तुम्ही मला एक डिपर द्या, मी तो सलामच समजेन...

जीपची किल्ली द्याल?